पत्ता आणि मुखवटा : संगणक-जाळ्यातील अंकांची व्यवस्था

नागपूरच्या गांधीबागेत कापडाचा घाऊक बाजार भरतो. सेंट्रल ॲव्हेन्यूवर मालाची गाडी थांबली, की गाठी उतरविणारा हमाल प्रथम गाठीवरील चिठ्ठी पाहतो. चिठ्ठीवर दुकानाचा क्रमांक असतो आणि ओळीचे नाव असते. गाठ समोरच्याच ओळीतील असेल, तर ती सरळ खांद्यावरून दुकानात जाते. ओळ दुसरी असेल, तर ती नाक्यावरील हातगाडीवाल्याच्या स्वाधीन केली जाते. पुढची वाट त्याला ठाऊक असते. गाठ पोहोचण्यापूर्वी एकच गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे ओळ आपली की परकी.

संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक यंत्र हाच निर्णय क्षणोक्षणी घेत असते. त्यासाठी त्याला दोन अंक द्यावे लागतात. एक, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता. आणि दुसरा, त्या पत्त्यातील ‘ओळी’चा भाग कोठे संपतो व ‘दुकाना’चा भाग कोठे सुरू होतो हे सांगणारा नेटमास्क, म्हणजे जाळ्याचा मुखवटा. यांपैकी पहिला अंक बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. दुसऱ्याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते, आणि कार्यालयीन जाळ्यातील अनेक चमत्कारिक बिघाडांचे मूळ तेथेच सापडते.

हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे ती ‘भारतनेट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. पंचायत, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तहसील कार्यालय अशा ठिकाणी आज भिंतीवरच्या पेटीत एखादे जोडणी-उपकरण लुकलुकत असते. ते कसे चालते याची स्थूल कल्पना ग्रामसेवकास, मुख्याध्यापकास व कार्यालय प्रमुखास असणे अगत्याचे आहे. कारण ते अडले, की दाखल्यासाठी आलेला नागरिक रांगेत त्यांच्यासमोरच उभा असतो.

पिनकोडाचे उदाहरण

अंकांनी पत्ता सांगण्याची एक पद्धत आपल्या चांगल्याच परिचयाची आहे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी दिवशी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, भारतीय टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्याची रचना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्रीय दळणवळण खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावे, निरनिराळ्या भाषांत व लिप्यांत लिहिलेले पत्ते यांमुळे टपालाच्या वर्गवारीत होणारा गोंधळ दूर करणे, हा या योजनेचा हेतू होता.

पिनकोडात पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून उपविभाग ठरतो आणि पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा ठरतो. शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणाऱ्या टपाल कार्यालयाचे असतात. नागपूर शहराच्या सर्व पिनकोडांचा आरंभ ४४० या अंकांनी होतो. मुंबईतील वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्यास पत्र गांधीबागेचे की धरमपेठेचे, हे पाहण्याचे कारण नसते. ४४० पाहिले, की ते नागपूरच्या थैलीत टाकावयाचे. नागपुरात पोहोचल्यावर मात्र पहिल्या तीन अंकांचे काम संपते व शेवटचे तीन पाहिले जातात.

आयपी पत्त्याची रचना तत्त्वतः अशीच आहे. त्याचा पूर्वभाग जाळ्याचा, उत्तरभाग त्या जाळ्यातील यंत्राचा. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. पिनकोडातील विभागणी कायमची ठरलेली आहे. तीन अंक जिल्ह्याचे, तीन कार्यालयाचे. आयपी पत्त्यात ही सीमारेषा सरकती आहे. कोठे ती अलीकडे असते, कोठे पलीकडे. म्हणूनच पत्त्याबरोबर सीमारेषेची जागाही सांगावी लागते. नेटमास्क सांगतो ती ही जागा.

सीमा सरकती का झाली

सध्या सर्वाधिक परिचित असलेला आयपी पत्ता १९८१ सालच्या ठरावानुसार रूढ झाला. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्याने जुनी पद्धत सोडून तिचा अंगीकार केला. या पत्त्यात ३२ द्विमान अंक असतात. प्रत्येक अंक शून्य किंवा एक. माणसाच्या सोयीसाठी त्यांचे आठ-आठ अंकांचे चार गट पाडतात व प्रत्येक गट दशमान पद्धतीने लिहून मध्ये टिंब देतात. आठ द्विमान अंकांत ० ते २५५ एवढ्या संख्या मावतात. त्यामुळे १९२.१६८.४०.१ असा पत्ता दिसतो. त्यात २५५ हून मोठी संख्या कधीही येऊ शकत नाही.

आरंभी सीमारेषा ठराविकच होती. पत्त्यांचे तीन प्रमुख वर्ग होते. पहिल्या वर्गातील एका जाळ्यात सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते, दुसऱ्यात ६५,५३६ आणि तिसऱ्यात अवघे २५६. पत्त्याच्या पहिल्या संख्येवरूनच त्याचा वर्ग कळत असे. स्वतंत्र मुखवट्याची गरज नव्हती. ही व्यवस्था सुटसुटीत असली तरी उधळी होती. एखाद्या संस्थेला ३०० पत्ते हवे असतील तर तिसरा वर्ग अपुरा पडे, आणि दुसरा वर्ग दिला तर ६५ हजारांहून अधिक पत्ते वाया जात. गावठाणात केवळ पाच गुंठ्यांचे व पाच हजार एकरांचेच भूखंड पाडावेत, तसा हा प्रकार होता.

१९८५ मध्ये एका जाळ्याचे पोटविभाग पाडण्याची रीत ठरविण्यात आली आणि त्यासाठी मुखवट्याचा उपयोग सुरू झाला. १९९३ मध्ये वर्गांची पद्धतच मोडीत काढून सीमारेषा कोणत्याही द्विमान अंकानंतर ठेवण्याची मुभा देण्यात आली. तेव्हापासून मुखवट्यावाचून पत्ता अपुरा ठरतो. नुसते १९२.१६८.४०.१५० म्हटल्याने यंत्र कोणत्या ओळीत आहे, हे समजत नाही.

मुखवटा कसा वाचावा

मुखवटाही ३२ द्विमान अंकांचाच असतो. जाळ्याच्या भागाच्या जागी सर्व एक आणि यंत्राच्या भागाच्या जागी सर्व शून्य, अशी त्याची बांधणी असते. एक आणि शून्य यांची सरमिसळ त्यात चालत नाही. म्हणून मुखवट्याच्या कोणत्याही गटात ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ या नऊ संख्यांखेरीज दुसरी संख्या येत नाही. एखाद्या नोंदीत २५५.२५५.२५५.१९१ असे आढळले, तर ती लेखनातील चूक आहे, हे तंत्रज्ञास न विचारताही सांगता येते.

हाच मुखवटा थोडक्यात लिहिण्याचीही एक रीत आहे. पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन एकांची संख्या लिहितात. २५५.२५५.२५५.० यात २४ एक आहेत, म्हणून तो ‘/२४’, २५५.२५५.२५५.१९२ यात २६ आहेत, म्हणून ‘/२६’. दोन्ही लेखनांचा अर्थ एकच होय.

ओळीत किती पत्ते मावतात हे काढण्याचा सोपा हिशेब असा : मुखवट्याची शेवटची संख्या २५६ मधून वजा करावी. १९२ असेल तर ६४ पत्ते, २२४ असेल तर ३२. यांतील पहिला पत्ता खुद्द ओळीचे नाव म्हणून आणि शेवटचा त्या ओळीतील सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखीव असतो. तेव्हा प्रत्यक्ष वापरास दोन कमी, म्हणजे अनुक्रमे ६२ व ३०. दुसरा नियम असा, की ओळीचा आरंभ तिच्या आकाराच्या पटीतच व्हावा लागतो. ६४ पत्त्यांची ओळ ०, ६४, १२८ किंवा १९२ पासूनच सुरू होते. मनास येईल तशी १०० पासून सुरू करता येत नाही.

आता यंत्र निर्णय कसा घेते ते पाहू. समजा, एका संगणकाचा पत्ता १९२.१६८.४०.१५० व मुखवटा २५५.२५५.२५५.१९२ आहे. त्याला १९२.१६८.४०.२०० या यंत्राकडे संदेश धाडावयाचा आहे. पहिले तीन गट समान असल्याने चौथा तेवढा तपासावा लागतो. १५० ही संख्या द्विमान पद्धतीने १००१०११०, २०० ही ११००१००० आणि १९२ ही ११०००००० अशी लिहितात. मुखवट्यात जेथे एक आहे तेवढेच अंक ठेवून बाकीचे पुसून टाकले, तर १५० चे १००००००० म्हणजे १२८ उरतात. २०० चे ११०००००० म्हणजे १९२ उरतात. १२८ आणि १९२ निराळे. सबब ओळ परकी. संदेश नाक्यावरच्या हातगाडीवाल्याकडे, म्हणजे गेटवेकडे जातो. दोन्ही उत्तरे सारखी आली असती, तर संगणकाने आपल्याच ओळीत हाक दिली असती, की या पत्त्याचा धनी कोण. आणि उत्तर येताच संदेश थेट त्याच्या हाती दिला असता.

एका शाळेची मांडणी

गांधीबाग हे नाव नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनांपैकी एका झोनचेही आहे. या दाट वस्तीतील एखादी शाळा कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. शाळेत संगणक कक्ष आहे, कार्यालय आहे आणि आवारात कॅमेरे बसविले आहेत. या तिन्हींना बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारे एक उपकरण आहे. त्यास कोणी राउटर म्हणतात; राखणदारीचे काम करीत असेल तर फायरवॉल म्हणतात. उपकरणास अनेक इंटरफेस असतात. ज्यांत तारा खोचतात ती ही तोंडे. व्यवहारात त्यांना पोर्ट म्हणण्याचा प्रघात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संगणकाला बहुधा एक पत्ता असतो. या उपकरणाला मात्र प्रत्येक पोर्टसाठी वेगळा पत्ता लागतो. चितार ओळीच्या नाक्यावर असलेल्या घराचे एक दार ओळीत उघडते व दुसरे हमरस्त्यावर. ओळीतले लोक त्या घराला ओळीच्या क्रमांकाने ओळखतात, रस्त्यावरचे रस्त्याच्या क्रमांकाने. उपकरणाचे तसेच आहे. ज्या जाळ्यात पोर्ट उघडते, त्या जाळ्यातील एक पत्ता त्या पोर्टला द्यावयाचा. म्हणून एका उपकरणाच्या दोन पोर्टना एकाच ओळीतील पत्ते सहसा देऊ नयेत. दोन दारे एकाच ओळीत उघडतात अशी समजूत झाली, की आलेला संदेश कोणत्या दाराने धाडावा, याचा उलगडा उपकरणास होत नाही.

शाळेने १९२.१६८.४०.० पासून १९२.१६८.४०.२५५ पर्यंतचे २५६ पत्ते वापरावयाचे ठरविले, असे धरू. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटातील आहेत. १९९६ च्या ठरावाने असे तीन गट निश्चित झाले : १० पासून सुरू होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. हे पत्ते आतल्या आत वापरावयाचे असल्याने, गांधीबागेतील शाळा व गडचिरोलीतील पंचायत या दोघींनी तोच पत्ता वापरला तरी बिघडत नाही. बाहेर जाताना उपकरण आतला पत्ता बदलून आपला सार्वजनिक पत्ता लावते.

संगणक कक्ष मोठा आहे, म्हणून त्याला निम्मे पत्ते देऊ : ० ते १२७, मुखवटा २५५.२५५.२५५.१२८. कक्षाच्या बाजूच्या पोर्टला १९२.१६८.४०.१ हा पत्ता. कार्यालयाला १२८ ते १९१, मुखवटा २५५.२५५.२५५.१९२, पोर्टला १९२.१६८.४०.१२९. कॅमेऱ्यांना १९२ ते २२३, मुखवटा २५५.२५५.२५५.२२४, पोर्टला १९२.१६८.४०.१९३. उरलेले २२४ ते २५५ हे ३२ पत्ते पुढील वाढीसाठी राखून ठेवू. प्रत्येक ओळीतील पहिला वापरण्याजोगा पत्ता पोर्टला देण्याचा हा परिपाठ सोयीचा आहे. नवा माणूस आला तरी त्याला शोधाशोध करावी लागत नाही. त्या-त्या ओळीतील संगणकांना गेटवे म्हणून हाच पत्ता सांगावयाचा असतो.

चौथे पोर्ट बाहेरचे. त्याचा पत्ता शाळेने ठरवावयाचा नसून सेवा देणाऱ्या कंपनीने कळवावयाचा असतो. केवळ दोन टोके जोडावयाची असल्याने तेथे पुष्कळदा २५५.२५५.२५५.२५२ हा मुखवटा आढळतो. त्यात चारच पत्ते असून वापरास दोन मिळतात. एक कंपनीकडील टोकाला, दुसरा आपल्या पोर्टला. उदाहरणे देण्यासाठीच राखलेल्या पत्त्यांतून सांगावयाचे, तर २०३.०.११३.५ हा कंपनीकडील आणि २०३.०.११३.६ हा आपला. ज्या संदेशांची वाट उपकरणास अन्यथा ठाऊक नाही, ते सर्व २०३.०.११३.५ कडे द्यावेत, अशी सूचना उपकरणात नोंदविली, की मांडणी पुरी झाली.

अशा विभागणीने पत्त्यांची काटकसर होतेच. शिवाय मोठा लाभ राखणदारीचा आहे. कक्षातील विद्यार्थ्याच्या संगणकावरून कार्यालयातील वेतनपत्रकाकडे किंवा कॅमेऱ्याच्या चित्रणाकडे जाणारा प्रत्येक संदेश उपकरणातून जावा लागतो आणि तेथे त्याला अडविता येते. सर्व यंत्रे एकाच ओळीत ठेवली, तर ती परस्पर बोलतात व राखणदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. अर्थात त्यासाठी पोर्टच्या तारादेखील वेगळ्या असावयास हव्यात. कागदावर तीन ओळी आणि प्रत्यक्षात एकाच पेटीत सर्व तारा, ही विभागणी खरी नव्हे.

चुका कशा दडून राहतात

पत्ता साफ चुकला तर ते तत्काळ कळते. काहीच चालत नाही. मुखवटा चुकला तर मात्र बरेच काही चालते आणि थोडेच अडते. त्यामुळे दोष दुसऱ्याच गोष्टीवर जातो. दोन प्रकार उदाहरणादाखल पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार. कार्यालयातील १५० क्रमांकाच्या संगणकावर २५५.२५५.२५५.१९२ ऐवजी सवयीने २५५.२५५.२५५.० असा मुखवटा टाकला गेला. आता त्या संगणकाला ० ते २५५ हे सर्व पत्ते आपल्याच ओळीतले वाटू लागतात. इंटरनेट चालते, मुद्रण होते. कारण मुद्रणयंत्र आणि गेटवे ही खरोखरच जवळ आहेत. परंतु कॅमेऱ्याच्या २०० क्रमांकाच्या यंत्राकडे जावयाचे म्हटले, की संगणक गेटवेकडे न जाता आपल्याच ओळीत हाक मारीत राहतो. ते यंत्र त्या ओळीत नाही. उत्तर कोठून येणार? मग कॅमेऱ्याचे यंत्र बिघडले असे ठरते व त्याच्या दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार सुरू होतो.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. संगणकांवर मुखवटा बरोबर, २५५.२५५.२५५.१९२, पण उपकरणाच्या कार्यालयीन पोर्टवर चुकून २५५.२५५.२५५.२२४ टाकला. उपकरणाच्या मते ही ओळ १२८ ते १५९ एवढीच. कार्यालयात आरंभी दहा-बारा संगणक असतात. त्यांना १३० पासून क्रमाने पत्ते दिलेले असतात आणि सर्व सुरळीत चालते. पुढे संगणक वाढतात. १५८ पर्यंत २९ संगणक बसतात. तिसाव्या संगणकाला १५९ हा पत्ता मिळतो आणि तो चालत नाही, कारण उपकरणाच्या दृष्टीने ती ओळीतील सर्वांना मारावयाची हाक आहे. त्यापुढचे १६०, १६१ वगैरेही चालत नाहीत. त्यांचा संदेश बाहेर जातो. पण आलेले उत्तर उपकरण त्यांच्याकडे न वळविता परके समजून भलतीकडे धाडते. चूक घडली मांडणीच्या दिवशी, उघडकीस आली दोन-तीन वर्षांनी. तोवर मांडणी करणारा तंत्रज्ञ बदललेला असतो, कराराची मुदत संपलेली असते, आणि नवे संगणकच सदोष आहेत असा शेरा पडण्याचा संभव असतो.

यावरून एक उपयुक्त कसोटी निघते. काही यंत्रे चालतात व काही चालत नाहीत, आणि न चालणाऱ्यांचे पत्ते एका ठराविक आकड्यापुढचे आहेत, असे दिसले तर यंत्रे बदलण्यापूर्वी मुखवटे ताडून पाहावेत. पोर्टवरचा मुखवटा व त्या ओळीतील प्रत्येक संगणकावरचा मुखवटा एकच असला पाहिजे.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. दूरस्थ पद्धतीने एखाद्या पोर्टचा पत्ता किंवा मुखवटा बदलताना, ज्या वाटेने तंत्रज्ञ आत आला तीच वाट बंद होऊ शकते. असा बदल जागेवर माणूस असतानाच करावा. दुसरे असे, की काही उपकरणांत केलेला बदल तत्काळ लागू होतो; परंतु तो कायम राहावा यासाठी साठविण्याची आज्ञा वेगळी द्यावी लागते. ती राहून गेली, तर वीज जाऊन परत आल्यावर उपकरण जुन्याच मांडणीने उठते. बदलानंतर उपकरण एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिल्याशिवाय काम पुरे झाल्याचा दाखला देऊ नये.

पत्त्यांची टंचाई आणि पुढील वाट

३२ द्विमान अंकांचे एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे सुमारे ४२९ कोटी. १९८१ मध्ये ही संख्या अफाट वाटली होती. पुढे जगाची लोकसंख्याच तिच्याहून पुष्कळ मोठी झाली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे मोठे गट पाच खंडीय संस्थांना वाटण्यात आले आणि तो साठा संपला. आशिया-प्रशांत विभागाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये उरल्या पत्त्यांवर कडक नियंत्रण घातले. खासगी पत्त्यांची युक्ती व मुखवट्याने केलेली काटकसर यांमुळे जुनी पद्धत अद्याप तग धरून आहे.

तिच्या जोडीला १२८ द्विमान अंकांची नवी पद्धत आली असून तिचा आराखडा १९९८ मध्ये सिद्ध झाला. तीत पत्त्यांची वाण नाही. मुखवटा चार संख्यांनी न लिहिता केवळ तिरक्या रेघेने सांगतात आणि साधारणतः एका ओळीस ‘/६४’ ही सीमा ठेवतात. पत्ता लांबला, तरी ओळ आपली की परकी हा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे. जुनी रीत समजून घेतलेल्यास नवी अवघड वाटत नाही.

नोंदवहीचे महत्त्व

ग्रामपंचायतीत नमुना ८ ची आकारणी नोंदवही असते. गावातील कोणते घर कोणाच्या नावे, त्याचा क्रमांक काय, हे तीत पाहावयास मिळते. सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, तरी वही राहते. टेबल-खुर्च्यांची मोजदाद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. परंतु ज्या अंकांवर संपूर्ण कार्यालयाचे दळणवळण अवलंबून आहे, त्यांची नोंद अनेकदा केवळ तंत्रज्ञाच्या डोक्यात किंवा त्याच्या खिशातील डायरीत असते. तो दुसरीकडे गेला, की कार्यालय आपल्याच घराचा पत्ता विसरल्यासारखे होते.

यास्तव जाळे उभारणीचे देयक मंजूर करण्यापूर्वी एका पानाची नोंद मागून घ्यावी. त्यात प्रत्येक पोर्टचे नाव. ते कोणत्या ओळीकडे उघडते. त्याचा पत्ता व मुखवटा. त्या ओळीतील पहिला व शेवटचा वापरण्याजोगा पत्ता. कायमचे पत्ते दिलेली यंत्रे, म्हणजे मुद्रणयंत्र, कॅमेरे, हजेरीचे यंत्र इत्यादी. संगणकांना आपोआप वाटण्यासाठी ठेवलेले पत्ते. बाहेरच्या पोर्टसाठी कंपनीने कळविलेले अंक. आणि राखीव ठेवलेला भाग, एवढे असावे. कायमचे पत्ते व आपोआप वाटावयाचे पत्ते वेगवेगळे ठेवावेत; अन्यथा एकच पत्ता दोघांस मिळून दोघेही अडतात. प्रत्येक बदलापुढे दिनांक व सही घ्यावी. उपकरणाचा गुप्तशब्द मात्र या पानावर लिहू नये. तो मोहोरबंद लिफाफ्यात कार्यालय प्रमुखाच्या ताब्यात ठेवावा.

नोंद हाती आल्यावर ती ताडून पाहण्यासाठी फार विद्या लागत नाही. मुखवट्यातील संख्या त्या नऊ संख्यांपैकी आहेत काय, ओळीचा आरंभ तिच्या आकाराच्या पटीत आहे काय, दोन ओळी एकमेकींवर चढत तर नाहीत ना, पोर्टचा पत्ता त्याच्याच ओळीत बसतो काय आणि संगणकांवरचा मुखवटा पोर्टच्या मुखवट्याशी जुळतो काय, हे पाच प्रश्न पुरेसे आहेत. शाळेतील गणिताच्या शिक्षकांनी द्विमान संख्या शिकविताना आपल्याच शाळेच्या जाळ्याचे उदाहरण घेतले, तर विद्यार्थ्यांना धडा समजेल आणि शाळेची नोंदही आपोआप तपासली जाईल. पंचायतीच्या मासिक सभेपुढे हे पान वर्षातून एकदा ठेवण्यासही हरकत नसावी. पुढील तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याने पहिला अर्धा दिवस शोधण्यात घालविण्याऐवजी ते पान उघडावे आणि दुरुस्तीस लागावे, एवढी तयारी प्रत्येक कार्यालयास सहज करता येण्याजोगी आहे.